सम्यक वाणी आणि ताटातील मतभेद

आपल्या शिकलेल्या तरुणांपैकी काही जण मांस-मासळीबरोबर अंडी, दूध, तूप आणि मधही सोडू लागले आहेत. १९४४ साली इंग्लंडमध्ये या आचाराला 'व्हीगन' हे नाव मिळाले. व्याल्याशिवाय गाय-म्हैस दूध देत नाही आणि वासराच्या वाट्याचे दूध आपण घेतो, ही जाणीव त्यामागे आहे. मात्र त्यावरून घराघरांत कटुता येऊ नये, म्हणून हा विचार मांडतो.

आपल्याकडे हा प्रश्न नुसत्या आहाराचा नाही. खाण्यावरून आपल्या पूर्वजांना हीन लेखले गेले. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात उलगडून दाखविला. म्हणून तरुण दयेपोटी बोलतो, पण वडीलधाऱ्यांच्या कानी जुने सोवळेओवळेच पडते.

धम्म काय सांगतो? पहिले शील प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे आहे. तरीही भिक्खूंना मत्स्य-मांस कायमचे वर्ज्य करावे, ही देवदत्ताची मागणी तथागतांनी मान्य केली नाही. तेव्हा 'तू खरा बौद्ध नाहीस' असे कोणीच कोणाला म्हणू नये.

अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीची पाच अंगे सांगितली आहेत. ती या विषयाला अशी लावता येतील :

१) योग्य वेळ : पंगतीत, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून हा विषय काढू नये.

२) सत्य : डाळी, शेंगदाणे, सोयाबीन यांतून प्रथिने मिळतात, हे सांगावे. परंतु बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, त्यासाठी गोळ्या घ्याव्या लागतात, हेही लपवू नये.

३) मृदुता : खाणाऱ्याला 'पापी' म्हणू नये; सोडणाऱ्यालाही 'बामण झालास काय?' असे हिणवू नये.

४) हित : एका म्हशीवर संसार चालविणाऱ्या माउलीला दूध सोडण्याचा उपदेश करण्याआधी तिची चूल कशी पेटते, हे विचारावे.

५) मैत्री : वाद जिंकण्यासाठी बोलू नये. समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे आणि त्याला न पटल्यास विषय तेथेच थांबवावा.

मुक्या प्राण्याविषयी करुणा बाळगणाऱ्याने आपल्या आई-वडिलांना शब्दाने दुखवावे, हे विसंगत आहे. तसेच मुलाने दूध नाकारले तर त्याच्यासाठी कोरा चहा वेगळा ठेवणे, हीही मैत्रीच होय. आपण आधी एवढे साधू या. सर्वांचे मंगल होवो!