अडुळसा घ्या, पण थुंकीही तपासून घ्या

खोकला आला की वस्तीतल्या आज्या पहिलं नाव अडुळशाचं काढतात. त्यात वावगं काही नाही. हे झुडूप आपल्या भारतीय उपखंडातलंच. लांबट टोकदार पानं, पांढरी फुलं, पाकळीवर जांभळट रेषा. पान इतकं कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘अधातोडा’ हा शब्द तमिळमधून आला, त्याचा अर्थही ‘शेळी न शिवणारं’ असाच.

पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं. खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांवर हे नाव वाचायला मिळेल. दोन्हींचं काम घट्ट कफ सुटा करण्याचं. कफ सुटला की छाती हलकी होते, आणि घोटाळा इथेच होतो. अडुळशाने क्षयरोग, म्हणजे टीबी, बरा होत नाही. वरून बरं वाटतं, आत फुप्फुस पोखरत राहतं, आणि एका खोलीत झोपणाऱ्या पाच-सहा जणांना लागण होत राहते.

जुन्या वैद्यकात थुंकीतून रक्त पडलं की अडुळसा देत. म्हणून काही घरांत आजही रक्त दिसल्यावर काढाच उकळतो. आम्ही स्पष्ट सांगतो, रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्त नसलं तरी दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, यांतलं काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी मोफत, औषधंही मोफत. साध्या टीबीचा उपचार साधारण 6 महिन्यांचा. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात मिळतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते). पासबुक सोबत न्या. मुलीचं लग्न मोडेल म्हणून आजार लपवणारी घरं आम्ही पाहतो. उपचार नीट सुरू झाला की लागण पसरणं झपाट्याने कमी होतं, हे त्यांना सांगा.

गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला रसात मध घालून चाटवू नका.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी होते. तो औषधाचाच रंग असतो. घाबरून गोळ्या थांबवू नका.