आधी पाणी, मग मासे



यहेज्केलच्या पुस्तकाच्या 47 व्या अध्यायात मंदिरातून निघणाऱ्या नदीचे दर्शन आहे. तिच्यामुळे खारे पाणी गोडे होते, मग त्यात मासे होतात आणि त्यानंतर कोळी काठावर जाळी पसरतात. हा क्रम आपण लक्षात ठेवू या, कारण आपल्याकडे बहुधा उलटे होते. पाणी कसे आहे हे न पाहताच मत्स्यबीज सोडले जाते.

आपल्या नद्यांतील मासे उन्हाळ्यात डोहांत तग धरतात. मृगाचा पाऊस पडला की अनेक जातींचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात व उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालतात. मरळ तर पाणवनस्पतींत अंडी घालून पिलांची राखणही करते. डोह, वाट आणि गवत यांपैकी एक गेले तरी वंश खुंटतो. चढणीचे मासे पकडणे ही आपल्याकडे मोठी मौज समजली जाते, पण त्या टोपलीत पुढच्या वर्षीचे मासेही असतात.

2018 मध्ये भारतीय जैन संघटना व जिल्हा प्रशासन यांनी आपल्या जिल्ह्यात गाळ काढण्याचे मोठे काम केले. खोलीकरणाची माती महामार्गाच्या भरावाला वापरण्याची पद्धत तर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणूनच ओळखली जाते. पाण्यासाठी हे काम चांगलेच आहे. मात्र नाला सरळ खणून दोन्ही काठ उभे तासले, तर पाणी साठते, पण अंडी घालायला जागा राहत नाही. आमच्या मते काही उथळ काठ तसेच सोडले पाहिजेत.

विदर्भातच याचा चांगला धडा आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर व भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांबरोबर जुन्या तलावांवर काम केले. प्रथम बेशरमची झुडपे उपटली, तलावाची कोरडी जमीन नांगरली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि मग स्थानिक मासे सोडले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ज्ञान ढिवरांकडेच होते. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

मासे कोणते सोडावेत, हाही प्रश्न आहे. रोहू, कटला, मृगळ हे मुख्यतः उत्तरेच्या गंगा खोऱ्यातले. तिलापिया 1952 मध्ये परदेशातून आला. थाई मांगूर तर इतर मासे फस्त करतो, म्हणून त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. शिवाय आपला जिल्हा दोन खोऱ्यांत विभागला आहे. नळगंगा व ज्ञानगंगा पूर्णेतून तापीला, म्हणजे अरबी समुद्राकडे जातात. पैनगंगा व खडकपूर्णा यांचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून घाटाखालचे मासे घाटावरच्या नदीत नेऊन सोडणे हेही योग्य नव्हे.

तेव्हा सुरुवात यादीपासून व्हावी. आपापल्या गावच्या भोई समाजातील वडीलधाऱ्यांना विचारा: पूर्वी कोणते मासे मिळत, कोणत्या डोहात, कोणत्या नक्षत्रात, आणि कोणता मासा कधीपासून दिसेनासा झाला? मिळालेली नावे गावच्या बोलीतच लिहून घ्या. हे काम मृग लागण्याआधी झालेले बरे.