वारशाची टू-टू

घोड नदीच्या काठापासून भीमेच्या पात्रापर्यंत पसरलेल्या आमच्या शिरूर-दौंडच्या मुलखात ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्याच्याकडे हल्ली तरुण मंडळींची वर्दळ वाढली आहे. आणि ती बंदूक तरफेची, म्हणजे चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून परत वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडून भरलेले आपोआप नळीत जाते अशा अमेरिकी घडणीची टू-टू, म्हणजे पॉइंट टू-टू (.२२) बोअरची, रायफल असेल, तर मालकाला चहासुद्धा निवांत घेता येत नाही. "तात्या, अशी कुठं मिळंल, किती पडंल, आन् हिच्यावर दुर्बीण बसते का?" हे तीन प्रश्न मला इतक्या जणांनी विचारले आहेत, की त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवणे सर्वांच्याच सोयीचे होईल.

मूल्याचा प्रश्न आधी घेतो, कारण भ्रम तेथूनच सुरू होतो. अमेरिकेत ही वस्तू खरोखरच स्वस्तांपैकी गणली जाते. हेन्री किंवा रॉसी या नावांच्या साध्या तरफेच्या टू-टू तेथे नवशिक्याची पहिली रायफल म्हणून घेतल्या जातात आणि हौसेप्रमाणे सजवल्या जातात. आपल्याकडे खाजगी इसमांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यावर जवळजवळ बंद झाली, आणि तेव्हापासून देशात जी काही तरफेची हत्यारे होती तीच एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहिली. त्यामुळे तिची किंमत गुणांवरून ठरत नसून दुर्मिळतेवरून ठरते. ज्याला केवळ निशाणबाजी करावयाची आहे त्याने इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची बोल्टची टू-टू पाहावी; ती दिसायला गद्य असली तरी नेमाला खोटी नाही.

माझ्याकडील रायफल मार्लिन ३९-ए या जातीची असून वडिलांनी ती पुण्याच्या कॅम्पातून घेतली, तेव्हा देशात अद्याप लॉर्ड लिटनच्या अमदानीतील १८७८ चा हत्यारांचा कायदाच चालू होता. ही जात १८९१ च्या मूळ नमुन्यापासून क्रमाने सुधारत आलेली आहे. नळीखालच्या नळकांड्यात लाँग रायफल जातीची १९ काडतुसे मावतात, रिकामे टरफल वरून न उडता बाजूने उडते, आणि उजव्या अंगाचा एक मोठा पेच हाताने सैल केला की सबंध रायफल दोन भागांत सुटते. टू-टूचे काडतूस कडेवर पेटणारे असते, म्हणजे स्फोटक द्रव्य बुडाच्या मध्यभागी नसून बुडाच्या कडेतच भरलेले असते व आघाताची कांडी त्या कडेवरच बसते. नळी रिकामी असताना उगाच चाप ओढू नये असे जुने लोक सांगत त्याचे कारण हेच, की काडतूस नसले म्हणजे ती कांडी घराच्या पोलादी काठावर आपटते आणि कालांतराने तेथे खाच पडून पुढे खरे काडतूस पेटेनासे होते किंवा टरफल अडकते.

एक बाब मात्र जिवावर बेतणारी आहे. नळकांडे उपसून काडतुसे ओतली म्हणजे रायफल रिकामी झाली असे मानणे हा तरफेच्या हत्यारातील सर्वांत मोठा धोका होय. कारण एखादे काडतूस नळीच्या घरात आणि एखादे उचलणाऱ्या पाळण्यावर राहिलेले असू शकते. तरफ तीन-चार वेळा पूर्ण फिरवावी, मग उघडी ठेवून घरात नजर घालावी, अंधार असेल तर करंगळीने चाचपावे, आणि हे सर्व नळीचे तोंड मोकळ्या जमिनीकडे ठेवूनच करावे. जुन्या मार्लिनना आडव्या खुंटीची कुलूपकळ नाही, घोडा अर्ध्यावर अडकवणे एवढीच तजवीज आहे. तेव्हा भरलेल्या नळीवर ओलसर अंगठ्याने घोडा उतरवण्याचा प्रसंग शक्यतो येऊच देऊ नये.

आता उपयोगाविषयी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने टू-टूला एक स्वतंत्र आसन दिले होते: केंद्र सरकारने मान्य केलेल्या रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी ती देण्यात यावी अशी त्याच्या १३ व्या कलमात तरतूद होती, आणि संरक्षणासाठी तेथे उल्लेख होता तो वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तरतुदीमागची दृष्टी स्पष्ट होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले, ते पन्नास मीटरवर याच टू-टूच्या काडतुसाने. म्हणून ज्याला ही रायफल हवी त्याने प्रथम क्लबाचे सभासदत्व घ्यावे, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात काही महिने घाम गाळावा, आणि मगच कलेक्टर कचेरीची पायरी चढावी.

परंतु मला भेटणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात निशाण नसून बिबट्या असतो, आणि त्यांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. उसाच्या फडाला लागून ज्याचे घर आहे आणि रात्री तीनला वीज आली म्हणून ज्याला मोटार सुरू करायला जावे लागते, त्याचे भय खरे आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड आणि जांबूतच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत जे मृत्यू झाले त्यांनी सबंध शिरूर तालुका हादरला होता. तरीही दोन गोष्टी सांगणे प्राप्त आहे. पहिली कायद्याची: बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकाच्या दर्जाचा अधिकारीच देऊ शकतो, आणि त्या परिसरातही नरभक्षक बिबट्या मारला गेला तो असा हुकूम झाल्यावर, वनखात्याने नेमलेल्या नेमबाजांकडून. प्राण वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला अधिनियमात मुभा आहे, पण ती सिद्ध करण्याचा भार पंचनाम्याच्या वेळी कोणाच्या मानेवर बसतो हे ज्याने तो अनुभव घेतला त्यालाच विचारावे. दुसरी गोष्ट पदार्थविज्ञानाची: टू-टूची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपासची. तिने बिबट्या मरत नाही, जखमी होतो, आणि जखमी बिबट्या उसात शिरला म्हणजे दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या जिवाशी खेळ सुरू होतो. रानडुकराचेही तेच, आणि त्याच्यासाठी वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच. शिवाय हीच चिमुकली गोळी वर तिरपी सुटली तर मैलभर जाते. आमच्याकडे वस्त्या कशा विखुरलेल्या आहेत हे ठाऊक असलेल्या माणसाला अधिक सांगण्याची गरज नाही.

हौसेने केल्या जाणाऱ्या फेरबदलांविषयी मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे. वडील गेल्यावर रायफल नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाली, आणि वारसाचे दाखले, भावंडांची ना-हरकत पत्रे, पोलिसांचा अहवाल अशी सर्व कागदपत्रे रुजू होऊन ती माझ्या नावे होईपर्यंत दोन पावसाळे उलटले होते. हाती आली तेव्हा नळीवर तांबूस पापुद्रे आणि दस्त्याला चीर. मी ती एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे दिली. गाव आणि नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गंज तेवढा काढा असे बजावले असताना त्याच्या उमेदवाराने ती सबंध फिरत्या चाकावर घासून आरशासारखी लख्ख केली आणि वर नवे काळे पाणी चढवले. देखणी झाली यात शंका नाही. परंतु दस्त्यालगतच्या पट्टीवर ठोकलेल्या क्रमांकातील शेवटचे दोन अंक त्या लखलखाटात जवळजवळ विरून गेले. नूतनीकरणाच्या वेळी कारकुनाने भिंग लावून पाहिले, मान हलवली आणि "क्रमांक पडताळता येत नाही" असा शेरा मारला.

त्या एका शेऱ्याचे गांभीर्य समजण्यासाठी शस्त्र अधिनियमाचे आठवे कलम वाचावे. ज्याच्या कबजात क्रमांक खोडलेले हत्यार सापडेल त्यानेच तो खोडला असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे शाबीत करण्याची जबाबदारी त्याच्याच शिरावर असते. मला तारले ते वडिलांच्या दप्तराने. विक्रेत्याची मूळ पावती, परवान्याची सर्व जुनी पुस्तके, ठाण्यात जमा केल्याची पोच, आणि दुरुस्तीवाल्याने हत्यार स्वीकारताना लिहून दिलेली चिठ्ठी, या सर्वांवर तोच क्रमांक पूर्णपणे लिहिलेला होता. तरीही जबाब, पत्रव्यवहार आणि फेऱ्या यांत बराच काळ गेलाच. तेव्हा हत्यार कोणाच्याही हाती देण्यापूर्वी क्रमांकाचे ठळक छायाचित्र काढावे, क्रमांकासह पावती घ्यावी, आणि क्रमांकाच्या पट्टीला कानस, पॉलिश कागद किंवा चाक लावू नये असे त्या पावतीवरच लिहून घ्यावे. गंजासाठी बारीक लोखंडी लोकर, पातळ तेल आणि चिकाटी पुरते. जुन्या रायफलीचा विटलेला काळेपणा हा मला तरी दोष वाटत नाही.

दस्ता बदलायचा असेल तर तो खुशाल बदला, परंतु सुताराकडे केवळ लाकूड न्या. सबंध रायफल त्याच्या दुकानात रात्रभर ठेवली तर ज्याला परवाना नाही अशा इसमाच्या ताब्यात ती दिल्यासारखे होते. मूळ लाकूड अक्रोडाचे असते. आमच्याकडे शिसव उत्तम, फक्त ते जड असल्याने तोल मागे जातो. जुना दस्ता फेकू नये. मागची खाच काढून भोकाची नेमपट्टी बसवता येते, आणि चाळिशीनंतरच्या डोळ्यांना तिच्याइतका दिलासा दुसऱ्या कशाने मिळत नाही. दुर्बिणीबद्दल म्हणाल तर टरफल बाजूने उडत असल्याने मार्लिनवर ती बसते. पण वरच्या पाठीला आधीपासून भोके नसतील तर नवी भोके मात्र कदापि पाडू नयेत, कारण पेच काढून घेता येतात, भोके काढून घेता येत नाहीत.

याउलट चित्रपटांत पाहून नळी आखूड करण्याची ज्यांना हुक्की येते त्यांनी सहावे कलम आणि २५ वे कलम शेजारी शेजारी ठेवून वाचावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना नळी कापण्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचीही गणना अधिनियमाच्या व्याख्येत अग्निशस्त्रातच होते, मग ते कोणी ऑनलाइन कितीही निरागस नावाने विको.

निवडणुका लागल्या की हत्यार जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. त्या वेळी ते चामड्याच्या म्यानात देऊ नये, कारण चामडे पावसाळ्यात ओल धरते आणि पोलाद खाते. नळीच्या आतून-बाहेरून शिलाई यंत्राचे तेल लावून सुती कापडात गुंडाळावे, आणि पोचेवर केवळ "रायफल १" असे न लिहिता जात, बोअर, क्रमांक आणि स्थिती लिहून घ्यावी. खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडील प्रथा सोडावी. थंडीत ते थिजते आणि घोडा जड होतो. काडतुसे रायफलीपासून वेगळ्या कुलपात असावीत, आणि दोन्ही किल्ल्या कोठे आहेत हे घरातील लहान मुलांना ठाऊक नसावे.

शेवटी वारसांविषयी. परवानाधारक मरण पावल्यावरच फेरफार होतो हा समज चुकीचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तर वर्षे वय झाल्यावर, किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगल्यावर, हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे ते करण्यासाठी अर्ज देता येतो. मात्र वारसाकडे आधीच दोन हत्यारे असतील तर तिसरे मिळणार नाही, कारण २०१९ पासून मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे. आणि वारसाने हत्यार हाताळण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. माझ्या धाकट्या मुलीने ते घेतले आहे, अर्ज दाखल झाला आहे, आणि सध्या प्रकरण ठाण्याच्या अहवालासाठी थांबले आहे.