मतपेटी आणि आरोग्याचा निधि

गांवांतील दारूचें दुकान बंद करावें कीं नाहीं, याविषयीं महाराष्ट्रांत स्त्रिया मतदान करितात. 'आडव्या बाटली'स निम्म्याहून अधिक मतें पडलीं म्हणजे दुकान बंद होतें, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु सार्वजनिक आरोग्यासाठीं पैसा किती उभारावा व तो कोठें खर्चावा, हेंही मतदारांनींच ठरविलें तर? आपल्या देशांत तें काम संसद व विधिमंडळें करितात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत मात्र १९११ पासून नागरिकांस स्वतः कायद्याचा मसुदा मांडितां येतो. नेमलेल्या संख्येइतक्या सह्या मिळाल्या म्हणजे तो मतपत्रिकेवर छापला जातो, आणि मतदार 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर देतात.

१९८८ च्या नोव्हेंबरांत तेथें ९९ व्या क्रमांकाचा ठराव मतास पडला. सिगारेटच्या पाकिटावर तोंवर १० सेंट कर होता. त्यांत २५ सेंटांची भर घालावी, अशी सूचना होती. तंबाखूच्या कारखानदारांनीं विरोधार्थ विपुल द्रव्य खर्चिलें, तरी ठराव संमत झाला. पैशाची वांटणीही ठरावांतच नमूद होती. शंभरांतील २० भाग आरोग्यशिक्षणास, ३५ रुग्णालयांस, १० वैद्यांच्या सेवेस, ५ संशोधनास, ५ निसर्गसंपत्तीच्या रक्षणास, आणि उरलेले २५ यांपैकीं जेथें गरज पडेल तेथें. पुढील सुमारें पंचवीस वर्षांत तेथील धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. त्यास इतर कारणेंही होतीं. तथापि वाढीव किंमत व लोकशिक्षण यांचा त्यांत मोठा वांटा होता.

येथें गोष्ट संपत नाहीं. १९९० नंतर राज्याची तिजोरी तंगींत आली, तेव्हां सत्ताधाऱ्यांनीं शिक्षणाचा पैसा औषधोपचाराकडे वळविला. आरोग्यसंस्था न्यायालयांत गेल्या, आणि निकाल त्यांच्या बाजूनें लागला. मत देऊन लोक घरीं निजले असते, तर ठराव कागदावरच राहिला असता.

शिवाय मतपेटी देते तशी घेतेही. त्याच राज्यांत १९७८ सालीं १३ व्या ठरावानें स्थावर मालमत्तेवरील कर किमतीच्या शेंकडा एकावर बांधून टाकिला. घरमालकांस दिलासा मिळाला; परंतु ज्या उत्पन्नांतून जिल्ह्यांचे दवाखाने चालत, तें आटलें. २०१२ सालीं पाकिटावर आणखी एक डॉलर कर बसविण्याचा ठराव शेंकडा एकाहूनही कमी मतांच्या फरकानें पडला. २०१६ सालीं दोन डॉलरांचा ठराव मात्र संमत झाला. आणखी एक अडचण पाहा. व्यसन घटलें कीं कराचें उत्पन्नही घटतें. म्हणून ज्या वाइटाचा नाश करावयाचा, त्याच्याच उत्पन्नावर चांगलें काम कायमचें विसंबून ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

यांतून आपण काय शिकावें? मत म्हणजे केवळ माणूस निवडण्याचें साधन नव्हे. शेजाऱ्याच्या दुखण्याचा खर्च आपण वांटून घेणार कीं नाहीं, याचें तें उत्तर आहे. चांगल्या शोमरोन्यानें जखमी वाटसरूसाठीं खाणावळवाल्याच्या हातीं दोन नाणीं ठेविलीं, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना तोही फेडीन, असें वचन दिलें. पैसा देणें हें अर्धें काम. परत येऊन पाहणें हें उरलेलें अर्धें. उद्यां मतदार होणाऱ्या मुलामुलींनीं हीं दोन्हीं कामें आजच ध्यानांत ठेवावीं.