पाणवनस्पतींच्या काचपेटीस स्वस्त झाकण व दिवा

घरी अथवा शाळेत पाणवनस्पती व गप्पी मासे ठेवलेल्या काचपेटीस झाकण आणि प्रकाश या दोहोंची गरज असते. वाशीम जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा उघड्या पेटीतील पाणी लवकर आटते व मासे उसळून बाहेर पडतात. पेटी अगदी बंद केली तर हवा खेळत नाही, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. यास्तव झाकण हवे, परंतु ते हवेशीर हवे.

झाकण : पेटीवर ४ मि.मी. जाडीची, कडा घासलेली काच ठेवावी. मागे तीन बोटे जागा मोकळी सोडून तीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी.

दिवा : ओलिताच्या ११० मि.मी. पीव्हीसी नळाचा उरलेला दोन फुटी तुकडा उभा चिरावा. एका अर्ध्या भागास आतून पांढरा रंग द्यावा. त्यात १० वॉटचा एलईडी पट्टीदिवा बसवून तो भाग काचेवर पालथा ठेवावा. रोज ८ तास दिवा लावल्यास ३० दिवसांत २.४ युनिट वीज लागते. पाणी हिरवे होऊ लागल्यास हा वेळ कमी करावा.

दक्षता : दिवा व पाणी यांमध्ये काच असलीच पाहिजे. तारेस प्लगच्या खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगात न शिरता खाली गळते. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मुलांस ही गोष्ट सर्वप्रथम शिकवावी.