आधी विचार, मग रस्ता

शहर वाढू लागले, की त्याचे रस्ते अपुरे पडू लागतात. सकाळी कामावर निघालेली आणि सायंकाळी घराकडे परतणारी माणसे एकाच वेळी रस्त्यावर येतात. वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात आणि दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो. मग जो तो एकच उपाय सुचवतो : रस्ता रुंद करा! उपाय दिसायला सरळ आहे. सदरा आखूड झाला तर मोठा शिवावा, तसा रस्ता अपुरा पडला तर मोठा करावा. यात विचार तो कसला करायचा, असे आपल्याला वाटते. परंतु रस्ता म्हणजे सदरा नव्हे. रस्ता रुंद होतो तो कोणाच्या तरी अंगणातून, बागेतून, दुकानातून, आणि पुष्कळदा राहत्या घरातून. शिवाय एकदा रुंद केलेला रस्ता सहसा पुन्हा अरुंद करता येत नाही. म्हणून कुदळ मारण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे असते : याहून दुसरा काही उपाय आहे काय?

हा साधा प्रश्न अमेरिकेतील आर्लिंग्टन या गावच्या नागरिकांनी विचारला आणि तो जवळजवळ अर्धशतक लावून धरला. त्याची ही हकीकत आहे.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन ही पोटोमॅक नदीच्या काठी वसलेली आहे. नदीचा पूल ओलांडला, की व्हर्जिनिया राज्य लागते. त्या राज्याचा राजधानीला अगदी लागून असलेला विभाग म्हणजे आर्लिंग्टन काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण स्वतःचे निवडलेले मंडळ असलेला विभाग. पेंटॅगॉन ही जगप्रसिद्ध पंचकोनी इमारत याच आर्लिंग्टनमध्ये आहे. राजधानीतील कचेऱ्यांत काम करणारे असंख्य लोक व्हर्जिनियातील उपनगरांत राहतात. त्यांतील जे पश्चिमेकडे राहतात, त्यांना रोज कामावर जाताना आर्लिंग्टन ओलांडावे लागते.

१९५६ साली अमेरिकेने साऱ्या देशभर महामार्गांचे जाळे विणण्याचा कायदा केला. या जाळ्यातील ६६ क्रमांकाचा महामार्ग पश्चिमेकडून येऊन आर्लिंग्टनमधून राजधानीत शिरावयाचा होता. वाहनांची एक रांग ज्या पट्ट्यातून जाते, त्याला मार्गिका म्हणतात. आर्लिंग्टनमधून जाणाऱ्या या महामार्गाला आठ मार्गिका ठेवण्याचा बेत होता. त्यासाठी राज्य सरकारने जमिनी विकत घेतल्या आणि वाटेत येणारी घरेदारेही ताब्यात घेतली.

हे सर्व चालू असता काही नागरिकांच्या मनात शंका उभी राहिली. आठ मार्गिकांचा रस्ता गावाच्या मधोमध गेला, तर वस्तीचे दोन तुकडे होतील. मोटारींचा धूर आणि गोंगाट घराघरांत शिरेल. आणि एवढे सोसूनही, राजधानीत पोहोचल्यावर या मोटारी उभ्या कोठे राहणार? त्याच सुमारास वॉशिंग्टन व भोवतालच्या उपनगरांसाठी मेट्रो नावाची नवी रेल्वे बांधण्यास सुरुवात झाली होती. मग मेट्रोने आणि बसने किती माणसे जाऊ शकतील, हे पाहिल्यावाचून महामार्गाचा निर्णय करणे योग्य होईल काय? या नागरिकांनी ‘आर्लिंग्टन कोअलिशन ऑन ट्रान्सपोर्टेशन’ या नावाची आघाडी उभारली. ‘रस्ता नकोच’ एवढे म्हणून हे लोक थांबले नाहीत. ‘दुसरे उपाय अभ्यासा, त्यांची तुलना लोकांपुढे मांडा, आणि मग ठरवा’ अशी त्यांची मागणी होती.

या मागणीला कायद्याचा आधार होता. १९७० सालच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेत ‘राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा’ अमलात आला. केंद्र सरकारने कोणतेही मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याचा हवा, पाणी, जमीन आणि माणसांचे जीवन यांवर काय परिणाम होईल, हे तपासले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. इतकेच नव्हे, तर त्या कामाला पर्याय कोणते आहेत, याचाही लेखी विचार झाला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

सरकारी पक्षाचे म्हणणे निराळे होते. महामार्गाची योजना कायद्याच्या आधीची आहे; जमिनी घेऊन झाल्या आहेत; पैसा खर्च झाला आहे; आता मागे वळून काय पाहायचे, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. खालच्या न्यायालयाला ते पटले. परंतु नागरिक वरच्या न्यायालयात गेले, आणि एप्रिल १९७२ मध्ये तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. रस्ता अजून बांधलेला नाही, तेव्हा योजना बदलण्यास किंवा ती सोडून देण्यासही अद्याप वेळ गेलेली नाही. म्हणून आधी अभ्यास करा, मग पुढे जा, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. चुकीच्या वाटेने चार कोस चालून झाले, एवढ्यासाठी पाचवा कोसही त्याच वाटेने चालला पाहिजे असे नाही. हे आपल्यालाही सहज पटण्यासारखे आहे.

मग अभ्यास सुरू झाला. सभा भरल्या, लोकांची मते ऐकून घेण्यात आली, नकाशे पुन्हा काढण्यात आले. या अभ्यासात जो विचार महत्त्वाचा ठरतो, तो समजण्यासाठी आपणही थोडे गणित करून पाहू.

जलद महामार्गाच्या एका मार्गिकेवरून एका तासात साधारणपणे २,००० मोटारी जाऊ शकतात. प्रत्येक मोटारीत एकच माणूस बसला असेल, तर त्या मार्गिकेवरून तासाला २,००० माणसे जातील. त्याच मोटारींत तीन-तीन माणसे बसली, तर तेवढ्याच जागेतून ६,००० माणसे जातील. आता आठ डब्यांच्या मेट्रोगाडीत ८०० माणसे बसली वा उभी राहिली आणि दर पाच मिनिटांनी एक गाडी सुटली असे धरा. तासाला १२ गाड्या होतील आणि त्यांतून ९,६०० माणसे जातील. त्यासाठी लागणारी जागा मात्र लोहमार्गाच्या एका जोडीपुरतीच! रस्त्यावरून वाहने किती गेली हे मोजण्याऐवजी माणसे किती गेली हे मोजले, की सारा हिशेबच बदलून जातो.

१९७५ साली सहा मार्गिकांचा सुधारलेला आराखडा केंद्र सरकारपुढे आला, तेव्हा वाहतूक खात्याचे मंत्री विल्यम कोलमन यांनी तो नामंजूर केला. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी चार मार्गिकांच्या रस्त्यास संमती दिली. पण तीही काही अटींवर. महामार्गाच्या मधोमध मेट्रोसाठी जागा ठेवावी. अवजड मालमोटारींना या रस्त्यावर बंदी असावी. गर्दीच्या वेळी गर्दीच्या दिशेने जाणाऱ्या मोटारीत निदान चार माणसे असावीत. अशा त्या अटी होत्या. २२ डिसेंबर १९८२ रोजी हा महामार्ग वाहतुकीस खुला झाला. त्याच्या कडेने पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी स्वतंत्र वाटही काढण्यात आली. १९८६ साली महामार्गाच्या मध्यातून मेट्रोच्या गाड्या पश्चिमेकडील उपनगरांपर्यंत धावू लागल्या.

आर्लिंग्टनने आणखी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. मेट्रोची सबंध वाट महामार्गाच्या मध्यातूनच नेणे स्वस्त पडले असते. परंतु महामार्गाच्या मधल्या स्थानकापाशी दुकाने, कचेऱ्या आणि घरे कशी उभी राहणार? म्हणून काउंटीने आग्रह धरला, की रॉसलिनपासून बॉलस्टनपर्यंतचा लोहमार्ग जुन्या बाजारपेठेच्या खालून, भुयारातून न्यावा. त्यासाठी अधिक खर्च सोसला. १९७९ साली मेट्रो बॉलस्टनपर्यंत पोहोचली. मग स्थानकांच्या अगदी जवळ उंच इमारती बांधण्यास परवानगी मिळाली आणि थोडे दूर असलेली जुनी, ठेंगणी घरे तशीच राखण्यात आली. ज्या बाजारपेठेला उतरती कळा लागली होती, तेथे पुन्हा वर्दळ सुरू झाली. घरापासून स्थानकापर्यंत पायी जाता येऊ लागल्यामुळे पुष्कळांना रोज मोटार काढण्याची गरजच उरली नाही.

येथे हकीकत संपली असती, तर ती गोड झाली असती. पण शहरांच्या गोष्टी अशा एका निर्णयाने संपत नाहीत. पश्चिमेकडील उपनगरे वाढतच गेली. चार माणसांची अट प्रथम तिनावर आली, मग १९९५ साली दोनावर आली. रस्ता पुन्हा तुंबू लागला आणि तो रुंद करण्याची मागणी पुन्हा पुढे आली. ही मागणी करणारे लोक काही दुष्ट नव्हते. दुसऱ्याच्या अंगणातील शांतता राखण्यासाठी आमचे आयुष्य रस्त्यात का जावे, असे त्यांना वाटे. त्यांतील अनेकांच्या घराजवळ मेट्रोचे स्थानकही नव्हते. त्यांचेही दुःख खरेच होते.

आर्लिंग्टनच्या नागरिकांनी या वेळीही पूर्वीचाच प्रश्न विचारला : दुसरे उपाय पाहिलेत काय? राज्य सरकारने २०१२ साली अनेक पर्यायांचा एकत्रित अभ्यास केला. अधिक बसगाड्या, एका मोटारीत अनेकांनी मिळून जाणे, सायकलींच्या वाटा, पथकर आणि रुंदीकरण असे सारे उपाय त्यात पारखले गेले. अखेर तडजोड झाली. डिसेंबर २०१७ पासून गर्दीच्या वेळी मोटारीत एकट्याने जाणाऱ्यास पथकर, म्हणजे टोल, द्यावा लागू लागला. अनेकांनी मिळून जाणाऱ्यांना तो माफ झाला. या करातून येणारा पैसा बससेवा व इतर सोयींसाठी वापरावा असे ठरले. गर्दी वाढली की हा कर वाढे, आणि कधी कधी तो एका फेरीस ४० डॉलरच्याही वर जाई. त्यामुळे त्यावर टीकाही पुष्कळ झाली. उलट बाजूने, राजधानीकडे जाणारी एक मार्गिका सुमारे ६ किलोमीटरच्या टप्प्यात वाढवण्यास आर्लिंग्टनलाही मान्यता द्यावी लागली. ती २०२० साली पुरी झाली. म्हणजे कोणालाच सर्व काही मिळाले नाही, आणि कोणाचेही सर्वस्व गेले नाही.

रुंदीकरणाने गर्दी कायमची हटते काय, या प्रश्नाचा इतरत्रही अभ्यास झाला आहे. झिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील अनेक शहरांची आकडेवारी तपासून २०११ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. शहरातील महामार्गांची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात मोटारींची धावही वाढते, असे त्यांना आढळले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. रस्ता मोकळा दिसला, की जे पूर्वी आगगाडीने जात ते मोटारीने जाऊ लागतात. जे गर्दी टाळून उशिरा निघत ते वेळेवर निघू लागतात. आणि जे जवळ राहत ते दूर घर घेतात. काही काळाने रस्ता पुन्हा भरतो. याचा अर्थ कोणताही रस्ता कधीच रुंद करू नये, असा नाही. कोठे पूल अरुंद असतो, कोठे वळण धोक्याचे असते. तेथे रुंदीकरण आवश्यकच असते. परंतु रुंदीकरण हा अनेक उपायांपैकी एक उपाय आहे, एकमेव उपाय नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आर्लिंग्टनच्या नागरिकांच्या हाती सत्ता नव्हती. त्यांनी सभांना हजेरी लावली, कायदा वाचला, आकडे तपासले, न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, आणि विरुद्ध मताच्या शेजाऱ्यांशी अखेरीस तडजोडही केली. लोकशाहीत नागरिकाचे काम मत देऊन संपत नाही. सार्वजनिक कामे आपल्या नावाने आणि आपल्या पैशाने होतात. ती होण्यापूर्वी ‘का?’ आणि ‘दुसरे काही करता येईल का?’ असे विचारणे, आणि मिळालेले उत्तर शांतपणे ऐकून घेणे, ही दोन्ही नागरिकाची कर्तव्ये आहेत. तुमच्या गावातील एखादा रस्ता उद्या रुंद व्हावयाचा असेल. त्या वेळी घाईने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी त्या रस्त्याच्या कडेला जरा उभे राहा. किती वाहने जातात ते मोजाच. पण किती माणसे जातात, कशी जातात आणि कोठे जातात, तेही मोजा.

अभ्यास

१. आर्लिंग्टनमधील नागरिकांची मागणी नेमकी कोणती होती? ती ‘रस्ता नकोच’ या मागणीहून कशी वेगळी आहे?
२. ‘जमिनी घेतल्या, पैसा खर्च झाला’ हे म्हणणे वरच्या न्यायालयाने का मान्य केले नाही?
३. एका मोटारीत सरासरी दोन माणसे बसली, तर एका मार्गिकेवरून तासाला किती माणसे जातील? तेवढ्याच माणसांना ८०० जणांच्या किती मेट्रोगाड्या लागतील?
४. रुंदीकरणाची मागणी करणाऱ्या लोकांची बाजू आपल्या शब्दांत मांडा.
५. आपल्या शाळेजवळील रस्त्यावरून सकाळी अर्ध्या तासात पायी, सायकलने, बसने आणि मोटारीने किती माणसे जातात ते शिक्षकांसह मोजा आणि त्याचा तक्ता तयार करा.