ताळा आधी, फंक्शन मागून

अरे, वागळे इस्टेटच्या नोकरीत आता दिवसभर आर या संगणकभाषेत आकडे हाताळणार आहेस, तर आत्याचं थोडं ऐकून ठेव. फंक्शन लिहिण्याआधी उत्तर कागदावर काढायचं. फंक्शन चालवायचं, जे येईल ते उचलायचं आणि टेस्टमध्ये ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून चिकटवायचं, हा उद्योग चांगली हुशार पोरंही करतात. चोरालाच पंच नेमल्यावर पंचनामा काय होणार?

आपल्याच जिल्ह्याचं घे. 2011च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148. पुढे 1 ऑगस्ट 2014ला पालघर वेगळा झाला. पंधरा तालुक्यांपैकी सात इकडे राहिले, आठ तिकडे गेले. जुनी आकडेवारी नव्या जिल्ह्यांत वाटणारं फंक्शन लिहायला बसलास, तर टेस्ट आयत्याच हाताशी आहेत. ठाण्यात सात तालुके, पालघरात आठ, एकही दोन्हीकडे नाही, आणि दोन्ही बेरजा मिळून तोच 1,10,60,148. हा आकडा जनगणनेचा आहे, तुझ्या कोडने काढलेला नाही, म्हणून ताळा खरा. मुरबाड किंवा मोखाडा गळला की टेस्ट लगेच लाल.

डेटा मात्र वेडावाकडाच घे. तक्त्यात ठाणे शहर 18,41,488 असं स्वल्पविरामांसकट येतं. ते तसंच ‘ॲज न्यूमेरिक’ला दिलंस की हातात एनए, म्हणजे गहाळ आकडा, आणि एक वॉर्निंग, जी कुणी वाचत नाही. पुढे बेरजेत एनए वगळणारं ‘एनए आरएम ट्रू’ सवयीने टाकलेलं असतंच. झालं! अख्खं ठाणे शहर बेरजेतून गुपचूप उतरलं आणि रिपोर्ट मात्र देखणा निघाला. म्हणून स्वल्पविरामवाला आकडा, रिकामा रकाना, शेवटी स्पेस चिकटलेलं ‘कल्याण’, हे सगळं टेस्टमध्ये हवंच. एकही ओळ नसलेला तक्तासुद्धा दे. ‘एकपासून लांबीपर्यंत’ असा लूप लिहिला असशील तर लांबी शून्य असताना आर एक आणि शून्य असे दोन फेरे मारतं. तिथे ‘सीक अलाँग’ वापर.

मांडणीत फार वेळ घालवू नकोस. हॅडली विकमचं टेस्टदॅट पॅकेज हल्ली बहुतेक ठिकाणी दिसतं. ‘यूज टेस्टदॅट’ एकदा चालवलं की फोल्डर तयार, मग ‘डेवटूल्स टेस्ट’ म्हटलं की सगळ्या टेस्ट धावतात. जुन्या प्रोजेक्टात आरयुनिट भेटेल. तिथे ‘डिफाइन टेस्ट सूट’ला फोल्डर आणि नावांचा साचा सांगायचा, मग ‘रन टेस्ट सूट’. दोन्हीकडे मेख एकच: फाइलचं नाव साच्यात बसलं नाही तर ती चालत नाही आणि कुरकुरही करत नाही. नुसता हिरवा रंग बघून डोंबिवली फास्ट पकडायला पळू नकोस, किती टेस्ट चालल्या तो आकडा वाच. नवी टेस्ट लिहिलीस की फंक्शनमध्ये मुद्दाम एक खोट घालून बघ. तरीही हिरवीच राहिली, तर ती टेस्ट कुचकामी.

डोक्यांच्या मोजणीला ‘एक्स्पेक्ट आयडेंटिकल’ चालेल, पण ते पूर्णांक आणि दशांश प्रकारातला फरकही धरतं. सारख्याच दिसणाऱ्या दोनवर अडकलं तर गोंधळू नकोस. सरासरी, टक्के यांना ‘एक्स्पेक्ट ईक्वल’च. संगणकाच्या लेखी 0.1 अधिक 0.2 म्हणजे नेमके 0.3 नव्हेत, आणि तेवढी सूट ते देतं. राउंडिंगचंही बघ: आर 2.5ला 2 करतं, 3 नाही. शाळेतल्या सवयीने काढलेलं उत्तर इथे जुळणार नाही.

घरांचा नमुना निवडणारं फंक्शन असेल तर ‘सेट सीड’ टाकून नेमकी तीच घरं येतात का, अशी टेस्ट लिहू नकोस. 2019च्या आर 3.6.0मध्ये ‘सॅम्पल’ची निवडायची पद्धत बदलली आणि त्याच सीडने वेगळी घरं येऊ लागली. त्यापेक्षा हे तपास: सांगितली तेवढीच घरं आली का, एकच घर दोनदा तर नाही ना, आणि कल्याणच्या यादीत डोंबिवलीचा वॉर्ड कुठून घुसला नाही ना. आणि हो, यादीत एकच घर उरलं असेल आणि त्याचा क्रमांक 57 असेल, तर ‘सॅम्पल’ 1 ते 57मधून निवडत बसतं. त्याची टेस्ट आजच लिहून टाक.